शाळेत लिनक्स बसवण्याची सोपी पद्धत

साहित्य : आठ जीबीचा एक पेनड्राइव्ह, थोडी वीज आणि एक शिक्षक. गणिताचा मिळाला तर उत्तम. तो निवडणुकीच्या कामावर असल्यास चित्रकलेचाही चालतो.

आधी संगणक कक्षाची किल्ली मिळवा. ती मुख्याध्यापकांच्या कपाटात असते आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते ते रजेवर असतात. कक्ष उघडला की चपला बाहेर काढा, संगणकांवरचे फुलाफुलांचे झगे उतरवा. उद्घाटनाचं हळदकुंकू पुसू नका. वॉरंटीपेक्षा तेच जास्त टिकलंय.

आता परवानगी. ‘फुकट आहे’ हे शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. फुकट वस्तूला तीन कोटेशनं मिळत नाहीत, आणि त्यांच्याशिवाय कुठलीही वस्तू जडसंग्रह नोंदवहीत जन्म घेत नाही. ‘मुक्त’ म्हणा. वापरा, उघडून बघा, बदला, शेजारच्या शाळेला द्या; मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन १९८३ पासून हेच सांगताहेत. आजवर शाळेत सीडीवरून सीडी निघाली तेव्हा कोणी हूं की चूं केलं नाही. कायदेशीर प्रत वाटायला निघालात की मात्र ‘हे चालतं ना, सर?’ असं तिघे तरी विचारतील. तेव्हा सांगा, की विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आणि आपल्या जुन्या यंत्रांना ११ झेपणार नाही. मग एक तर निर्लेखन करा, नाहीतर लिनक्स.

बसवा. अर्धा-पाऊण तास लागतो. चहा घ्या.

दुसऱ्या दिवशी जुन्या फॉन्टमधलं परिपत्रक उघडेल आणि मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसेल. खापर लिनक्सवर फुटेल. दोष फॉन्टचा आहे, युनिकोड वापरा, हे शांतपणे सांगा. पुढच्या परिपत्रकालाही सांगावं लागेल.

मुलांना फार शिकवू नका. चित्रं काढायचं टक्स पेंट उघडून द्या आणि बाजूला व्हा. स्टेलेरियममध्ये आपलं गाव निवडा, रात्रीचं आकाश दाखवा. वीज गेली तर खरं आकाश बाहेर आहेच. फक्त शाळा दिवसा भरते.

‘आपल्याकडे हे होणार नाही’ असं कोणी म्हणालं तर केरळचं नाव घ्या. तिथे २००१ मध्ये ‘आयटी अॅट स्कूल’ प्रकल्प सुरू झाला आणि काही वर्षांत दहावीची आयटीची परीक्षाही मुक्त सॉफ्टवेअरवर होऊ लागली. त्यांना कुठलं वेगळं सॉफ्टवेअर सापडलं नव्हतं. त्यांनी आधी शिक्षक तयार केले, त्या शिक्षकांनी इतर शिक्षकांना शिकवलं. आपण मात्र आधी फीत कापतो.

संध्याकाळी किल्ली परत करण्यापूर्वी नाक्यावरच्या चावीवाल्याकडून तिची दुसरी करून घ्या. या सगळ्यात पदरचा खर्च तेवढाच.