पाऊण नाना

हत्यार मागायला गेलं की हत्यार सोडून बाकी सगळं देणारा एक गृहस्थ प्रत्येक सोसायटीत असतो. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत ते पद नानांकडे आहे. वागळे इस्टेटीतल्या एका कारखान्यात पत्रा कापण्यात हयात गेली. निवृत्तीनंतर पत्रा सुटला, कातर सुटली नाही. हातोडी ते देतात, ड्रिल मशीन कुरकुरत का होईना पण देतात. पत्र्याची कातर मागितली की मात्र आधी तोंडी परीक्षा.

"पत्रा कुठला?"

"खिडकीवर लावायचाय, नाना."

"कुठं लावणार ते नाही विचारलं. गेज किती?"

इथे निम्मे उमेदवार गळतात. तिसऱ्या मजल्यावरचे बँकवाले साहेब छाती काढून म्हणाले, "चांगला दणकट आहे, सव्वीस गेज!" नाना इतके हसले की काकू पाणी घेऊन बाहेर आल्या. गेजचा कारभार उलटा असतो. आकडा वाढेल तसा पत्रा पातळ. २६ म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. १८ म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर, आणि साध्या लोखंडी पत्र्यात चांगल्या हातकातरीचीही मजल तिथेच संपते. स्टेनलेस असेल तर पाऊण मिलिमीटरलाच नमस्कार करायचा.

पाऊण हा शब्द नानांच्या तोंडून आला की ऐकणाऱ्यानं खुर्ची ओढून घ्यावी, कारण त्यांचं सगळं तत्त्वज्ञान त्यात आहे. कातर चालवताना पाती टोकापर्यंत मिटायची नाहीत. पाऊण मिटायची, उघडायची, पत्रा पुन्हा जबड्यात आतपर्यंत सरकवायचा आणि पुढे जायचं. पूर्ण मिटली की प्रत्येक घावाला टोकाशी कापाच्या कडेला खाच पडते, दातरा उठतो आणि मग तो कानशीनं घासत बसावं लागतं. "मिटू नका!" ही नानांची आरोळी चार इमारतींपलीकडे ओळखीची आहे. कोणी साध्या कात्रीनं लग्नपत्रिकेचं पाकीट उघडत असलं तरी ती येते.

हा नियम त्यांनी कातरीपुरता ठेवला असता तर आमची तक्रार नव्हती. नाना चहा पाऊण कप पितात. दार पाऊण लावतात. वाक्य पाऊण बोलतात आणि उरलेलं पाव समोरच्याला कळलं असेल असं धरून पुढचं सुरू करतात. आणि तोंड? "मला या घरात येऊन चाळीस वर्षं झाली," काकू म्हणतात, "पूर्ण मिटलेलं पाहिलं नाही."

कातर विकत घ्यायला त्यांच्याबरोबर जाऊ नये. मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटवर शिरलं की ते पहिल्या दुकानापाशी थांबतात आणि दुकानदार शटरकडे बघायला लागतो. लांब सरळ कापासाठी जुन्या पद्धतीची सरळ पात्यांची कातर. गोलाईसाठी एव्हिएशनची, जिच्या मुठीत दोन सांधे असतात, त्यामुळे हाताचा जोर वाढून पात्यांवर येतो. विमानाचे ॲल्युमिनियमचे पत्रे कापण्यावरून तिला हे नाव पडलं. तिच्यात तीन रंग. पिवळी सरळ जाते, लाल डावीकडे वळते, हिरवी उजवीकडे. लाल म्हणजे डावी हे मराठी माणसाच्या लक्षात राहतं. हिरवीच्या वेळी राजकारण बाजूला ठेवावं लागतं. पाती दातेरी असली तर पत्रा घसरत नाही, पण कडेला दातांचे वण उठतात. कड दिसणार असेल तर गुळगुळीत पात्यांची घ्या. मग मधला बोल्ट. तो इतकाच आवळायचा की पाती एकमेकींना घासून जातील. सैल राहिला की पातळ पत्रा कापला न जाता दोन पात्यांच्या मधे दुमडून बसतो. एवढं सांगून होईपर्यंत दुकानात दुसरी गिऱ्हाइकं जमलेली असतात आणि नाना त्यांचेही बोल्ट तपासत असतात. शेवटी ते काही न घेता निघतात, कारण घरी तिन्ही रंग आहेत.

तार कापायला कातर मागणाऱ्याशी ते दिवाळीपर्यंत बोलत नाहीत. तारेनं पात्याला खड्डा पडतो आणि तो पुढच्या प्रत्येक कापात दिसत राहतो. शेजारच्या विंगेतल्या एकानं कपड्याची तार तोडली होती. त्याच्या मुलीच्या लग्नात नाना जेवले, पण पाऊणच.

आता नाइलाजानं एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या खिडकीवरचा पत्रा नानांनी स्वतः येऊन कापला. हातमोजे चढवले, टोकदार खिळ्यानं रेघ मारली, पिवळी कातर उघडली आणि बोलणं थांबलं. ओठ घट्ट मिटलेले, जीभ दातांत, नजर रेघेवर. पात्यांची करकर तेवढी चालू होती. काप पुरा होईपर्यंत हा माणूस एक अक्षर बोलला नाही. कड बोट फिरवावं अशी निघाली (फिरवू दिलं नाही, त्यांनी आधी कानस मारली). काकूंनी हे दृश्य कधी पाहिलं नसणार, कारखान्यात बायकोला कोण नेतं?

मागच्या उन्हाळ्यात गच्चीवर रंगीत पत्र्यांची शेड झाली. सभेत नाना उठले आणि म्हणाले, कडा ग्राइंडरनं कापू देऊ नका. कातर वापरा नाहीतर निब्लर आणा. ग्राइंडरच्या उष्णतेनं कडेवरचा जस्ताचा थर आणि रंग जळतो, गरम ठिणग्या पत्र्यावर चिकटून गंजतात. ते पाऊण सांगून झालं तेवढ्यात अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला. ठेकेदारानं दोन दिवसांत सगळं ग्राइंडरनं उडवलं, सगळ्यांनी वेगाचं कौतुक केलं. पावसाळा सरला आणि कडांवरून तपकिरी ओघळ खाली उतरले. ठिणग्यांनी मधल्या भागातही ठिपके पाडलेत.

आता दुरुस्तीचं कोटेशन आलंय, ते नव्या शेडच्या निम्म्याहून जास्त आहे. तुमच्या गच्चीवर पत्रे घालायचे असतील तर ठेकेदाराला ॲडव्हान्स देण्याआधी तो काप कशानं मारणार ते विचारा. आणि तुमच्या सभेत तुमचे नाना उठलेच, तर त्यांना राहिलेलं पावही बोलू द्या.