ज्ञानदान अधिक जीएसटी

बड्या कंपनीतून पन्नाशीत बाहेर पडलेली माणसं पूर्वी कोकणात हापूसची कलमं लावायची, नाहीतर विपश्यनेला बसायची. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि कलमं मागे पडली. आता ही सगळी मंडळी एआय शिकवतात. आमचे भावोजी त्यांतलेच.

त्यांना कंपनीनं काढलं असं म्हणायची सोय नाही. भावोजी 'नव्या प्रवासाला निघाले'. ताई विचारते, "प्रवासाला निघालेल्या माणसाला घरात चार वेळा चहा कसा लागतो?"

मुक्काम मैसूरजवळ, हुणसूर रस्त्यावरच्या येलवालला. १९८१ साली पुण्यात जन्मलेल्या इन्फोसिसचं भलंमोठं प्रशिक्षण केंद्र मैसूरच्या हेब्बाळला. भावोजींचं घराच्या गच्चीवर, पत्र्याखाली. प्लास्टिकच्या खुर्च्या आणि टांगलेल्या चादरीवर प्रोजेक्टर. चादर मात्र इस्त्रीची.

याच येलवालला सप्टेंबर १९५७ मध्ये विनोबांची ग्रामदान परिषद भरली होती. राजेंद्रप्रसाद, नेहरू आले होते. कम्युनिस्ट नंबुद्रिपादही आले होते. भावोजी हे पहिल्याच स्लाइडवर दाखवतात आणि म्हणतात, "त्यांनी ग्रामदान मागितलं, मी ज्ञानदान देतोय." फीचा आकडा दुसऱ्या स्लाइडवर, अधिक अठरा टक्के जीएसटी. विनोबा वेल्लोरच्या तुरुंगात दक्षिणेतल्या भाषा शिकले. भावोजींना मैसुरात मोकळं फिरूनही कन्नडमध्ये भाजीवालीशी घासाघीस जमत नाही. पण यंत्राला ते कन्नड शिकवतात.

वर्गात निवृत्त बँकवाले, शिकवण्या घेणाऱ्या बाई आणि नारळाचे एक व्यापारी. व्यापाऱ्यांसाठी भावोजींनी स्वतः व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तरं देणारा बॉट बनवला. आठवड्यानं व्यापारी जिना चढून आले.

"सार, गिऱ्हाईक नारळाचा भाव विचारतं, हा नारळाचे फायदे सांगतो. पाच मुद्दे. शेवटी विचारतो, आणखी काही मदत करू का?"

"आणि भाव?"

"तोही सांगतो. रोज वेगळा. एकही माझा नाही!"

मग भावोजींनी वर्गाला समजावलं, की हे यंत्र पुढचा शब्द कोणता येईल त्याचा अदमास बांधत जातं. खरं-खोटं त्याच्या गावीही नसतं, म्हणून थापही ठणठणीत आवाजात मारतं. समोर कागद ठेवला, तर निदान कागदाला धरून बोलतं. खालून ताईचा आवाज आला, "मग तुमच्या मीटिंगांत वेगळं काय व्हायचं?"

गच्ची हसली. भावोजी हसले नाहीत. रात्री जागून त्यांनी रोजची भावयादी बॉटला जोडली आणि बजावलं : यादीत नसेल ते 'माहीत नाही, मालकांना विचारतो' असं सांग. सकाळी कोणीतरी खोबरेल विचारलं. बॉटनं निमूट हात वर केले. व्यापारी खूश. "सार, आता हा नोकरीला ठेवण्यासारखा झाला."

बावीस वर्षांच्या नोकरीत भावोजींच्या तोंडून 'माहीत नाही' हे वाक्य एकदाही निघालं नव्हतं. त्यांना स्वतःलाच या शोधाचं इतकं अप्रूप वाटलं, की त्यांनी त्यावर नऊ स्लाइड्स केल्या. 'माहीत नाही' हे शब्द त्यांत कुठेच नाहीत. मथळा आहे, 'ज्ञानमर्यादा व्यवस्थापन : प्रगत पातळी'.