दिल्लीत साहेबांचं दार गेलं हो!

ऐकलंत का? सरकारी साहेबांची खोली गेली! दारावरची पितळी पाटी गेली आणि बाहेर स्टुलावर बसून 'साब मीटिंग में हैं' म्हणणाराही बसायला जागा शोधतोय. खुर्चीच्या पाठीवरच्या पांढऱ्या टॉवेलाचं काय झालं, ते अजून बाहेर आलेलं नाही. आलं की कळवतेच.

झालं असं, की ६ ऑगस्ट २०२५ ला पंतप्रधानांच्या हस्ते कर्तव्य भवन-३ चं उद्घाटन झालं. दोन तळघरं, वर सात मजले. गृह, परराष्ट्र, ग्रामीण विकास अशी मातब्बर खाती एका छपराखाली आणायची, म्हणजे एकमेकांशी बोलणं वाढेल आणि निर्णय झटपट होतील, असा हेतू. हेतूला कोण नावं ठेवणार? पण आत जाऊन बघतात तो काय, मोकळी बैठक! रांगेत टेबलं, मध्ये कंबरेएवढी फळी. शिव शिव! सेंट्रल सेक्रेटेरिएट सर्व्हिसच्या फोरमनं महिनाभरही थांबायला नको म्हणून थेट वरपर्यंत पत्र धाडलं: आमचे अंडर सेक्रेटरी, सेक्शन ऑफिसर उघड्यावर बसलेत, गोपनीय कामं करायची कशी, फोनवर बोलायचं कसं?

गोपनीयतेचा मुद्दा खोटा नाही हं. गृह खात्याचा फोन शेजारच्यानं ऐकावा, असं कुणीच म्हणणार नाही. पण मला विचाराल, तर खरा सल दाराचा आहे. वीस वर्षं घासून माणूस खोलीपर्यंत पोचतो, आणि पोचला त्याच वर्षी खोलीच रद्द!

तिकडे गुरगावात मात्र लोक पोट धरून हसताहेत. सायबर सिटीत हा थाट जुना. सगळं काचेचं, सगळं मोकळं, मोठे साहेबही म्हणे पोरांच्या रांगेत बसतात. संवाद किती वाढला म्हणता? कानांत हेडफोन घालून दोघं खेटून बसलेले असतात, आणि हा तिला मेसेज टाकतो, 'दोन मिनिटं आहेत का?' ती तिसऱ्याला 'लूप में' घेते. तिसरा म्हणतो, आधी सगळे 'अलाइन' होऊया. त्यासाठी मीटिंग, त्या मीटिंगच्या तयारीची आणखी एक मीटिंग. आणि निर्णय? तो पार्किंगमध्ये सिगरेट ओढता ओढता दोघांनी केव्हाच घेऊन टाकलेला असतो. दिल्लीचा तो लाडका मंत्र आहेच ना: 'सर से बात हो गई है.' कुठल्या सरशी, कधी, काय बोलणं झालं, हे विचारायची छाती आहे कुणाची?

आणि हे नुसतं माझं तोंडसुख नाही बरं. इथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन या दोघा संशोधकांनी मोकळ्या बैठकीत गेलेल्या दोन मोठ्या कंपन्यांतल्या माणसांच्या गळ्यात यंत्रं अडकवून त्यांचं बोलणं मोजलं. २०१८ साली निकाल छापला: भिंती पडल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल वाढले. आता बोला! चारचौघांत बसवलं, की माणूस बोलायचं सोडून काम करत असल्याचा चेहरा करतो.

खरी गंमत वेगळीच आहे, आणि तिची कुजबुज कुणीच करत नाही. दिल्लीत निर्णय अडायचा तो भिंतीपाशी नव्हे, सहीपाशी. सहायक, सेक्शन ऑफिसर, अंडर सेक्रेटरी, डेप्युटी सेक्रेटरी, जॉइंट सेक्रेटरी, अॅडिशनल सेक्रेटरी आणि मग सेक्रेटरी: नववधूनं घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्याच्या पाया पडत फिरावं, तशी फाइल फिरायची. एखादा आशीर्वाद देण्याऐवजी समासात लिहायचा 'कृपया चर्चा करें', की गेला पंधरवडा. चर्चा झाली की तिचं सार फाइलवर नोंदवा, असं कार्यपद्धतीच्या पुस्तकात आहे. पण चर्चा झाली तर ना!

२०२१ मध्ये प्रशासकीय सुधारणा विभागानं फर्मावलं, की फाइल चारांहून जास्त पायऱ्या चढणार नाही. बिनभपक्याची, कामाची गोष्ट. भिंती पाडण्याच्या शंभर समारंभांपेक्षा या एका हुकमात जास्त दम आहे, असं माझं स्पष्ट मत. पण फीत कापायला त्यात आहे काय? म्हणून त्याचा गाजावाजा नाही.

बरं, मान-पान कुठे जातोय थोडाच! पूर्वी हिरव्या शाईचा मान जॉइंट सेक्रेटरी आणि त्याच्या वरच्यांचा, तोही क्वचित वापरायचा. ई-ऑफिस आलं, फायली संगणकावर गेल्या, शाई संपली, म्हणून खालची मंडळी खूश झाली. तर संगणकावरही रंग आलेच! पिवळी नोंद कच्ची, ती खोडता येते. हिरवी केली, की काळ्या दगडावरची रेघ. मग हुशार मंडळी काय करतात? पिवळी लिहून ठेवायची, फोन उचलायचा, 'सर, क्या लिखूँ?' विचारायचं, आणि सरांच्या तोंडचं ऐकून मगच हिरवी करायची. आता हा फोन मोकळ्या बैठकीत करायचा म्हणजे सगळ्या रांगेला कळणार, साहेबांचं मत नेमकं कुणाचं ते. पत्र उगाच नाही गेलं वरपर्यंत!

आणि ही तर सुरुवात आहे. नव्या सचिवालयाच्या अशा दहा इमारती व्हायच्या ठरल्यात. उद्घाटन झालं तेव्हा जुन्या शास्त्री भवनात, कृषी भवनात दारं अजून शाबूत होती, पाट्या रोज ब्रासोनं लखलखत होत्या. तिथला एक जण तेव्हा म्हणे टेप घेऊन स्वतःचीच खोली मोजत होता.