शेवटची रांग गातेय का?

मंडळीत गिटार चालेल की पेटीच हवी, हा वाद आता पुरे. वडीलधाऱ्यांना ड्रम म्हणजे धांगडधिंगा वाटतो. पोरांना ‘उपासना संगीत’ म्हणजे आजोबांच्या कपाटातलं पुस्तक वाटतं. दोन्ही बाजू वाद्यांवरून हमरीतुमरीवर येतात आणि शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाकडे कुणाचंच लक्ष नसतं. तो चाकणला रात्रपाळी करून थेट आलेला असतो. डोळे चुरचुरत असतात, अंगात कंपनीचाच शर्ट असतो, तरी तो आलेला असतो. तो गातोय का? ख्रिस्ती संगीताच्या कोणत्याही शैलीला, जुन्या किंवा नव्या, माझा हा एकच प्रश्न आहे.

पुण्याजवळच्या चिखलीतल्या भाड्याच्या हॉलमधली कुठलीही रविवार सकाळ घ्या. खाली हार्डवेअरचं दुकान, वर प्लॅस्टिकच्या खुर्च्या. कीबोर्डवाल्याने मंद पॅड लावून ठेवलाय, गिटारवाला कॅपो सरकवतोय, ऑक्टोपॅडवरचं पोरगं काठ्या फिरवून बघतंय. पडद्यावर शब्द उमटतात. गाणं हिंदी, लिपी रोमन. तिसऱ्या रांगेतली नगरकडची आजी रोज पहाटे मराठी बायबल वाचते, पण हा पडदा तिला वाचता येत नाही. पहिलं कडवं इतकं खालच्या सुरात की निम्म्या बायकांना ते धरताच येत नाही. मग कोरस. मग ‘ब्रिज’. त्याच दोन ओळी पुन्हा पुन्हा, आणि पाचव्या वेळी गायक एकदम तार सप्तकात उडी मारतो, कारण मूळ रेकॉर्डिंगमध्ये उडी तिथेच आहे. नेमक्या त्याच क्षणी हॉलमधला आवाज बसतो. हात वर, तोंडं मिटलेली. गाणं रंगात येतं आणि मंडळी गप्प होते.

वर्शिप टीमच्या पोरांची मला मनापासून कदर आहे. शनिवारी फर्स्ट शिफ्ट सुटली की संध्याकाळभर ती सराव करतात, पेट्रोल खिशातून घालतात, केबल स्वतः सोल्डर करतात. खोट त्यांच्या भक्तीत नाही. खोट त्या गाण्याच्या घडणीत आहे. ते दुसऱ्याच गळ्यासाठी आणि दुसऱ्याच हॉलसाठी घडवलेलं आहे.

मुळात ही नवी शैली अशी नव्हती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात हिप्पी पोरं चर्चमध्ये येऊ लागली. ती जमिनीवर बसायची, एक गिटार असायची आणि दोनदा ऐकलं की गाणं पाठ व्हायचं. १९६९ मध्ये लॅरी नॉर्मनची पहिली ख्रिस्ती रॉक रेकॉर्ड आली. १९७१ मध्ये ‘मारानाथा म्युझिक’ ही अशा गाण्यांची कंपनी सुरू झाली. मग फांद्या फुटल्या. रॉक आलं, पॉप आलं, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे कपडे घालून श्रोत्यांत नव्या कराराच्या प्रती भिरकावणारा ‘स्ट्रायपर’ हा मेटल बँड आला. २०१४ मध्ये लक्रे या रॅपरचा अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत अव्वल ठरला. या सगळ्यांत जगभर सर्वाधिक पसरली ती ‘वर्शिप’ची धारा, आणि ती हळूहळू फार थोड्या हातांत गेली. २०१० ते २०२० या काळात चर्चमध्ये सर्वाधिक गायल्या गेलेल्या इंग्रजी गाण्यांचा अभ्यास झाला. त्यातली जवळपास सगळी गाणी चार मोठ्या मंडळ्यांशी जोडलेली निघाली. सिडनीची हिलसाँग, कॅलिफोर्नियातली बेथेल, शार्लटची एलिव्हेशन आणि अटलांटाची पॅशन. तिथे हजारोंचा हॉल आहे, कसलेले गळे आहेत आणि रेकॉर्डिंगची यंत्रणा आहे. तिथला उंच सूर तिथे शोभतो. आपण मात्र तो साठ खुर्च्यांच्या हॉलमध्ये जसाच्या तसा आणतो आणि लोक गात नाहीत म्हणून लोकांनाच बोल लावतो.

आता वडीलधाऱ्यांकडे वळतो. पेटी तुमची कधीपासून? हार्मोनियम एकोणिसाव्या शतकात पॅरिसहून आली. आज ती कीर्तनातही आहे, तमाशातही आहे आणि चर्चमध्येही आहे, कारण आपल्या लोकांनी तिच्यावर आपली गाणी वाजवली. ऑक्टोपॅडचंही तसंच होऊ शकतं. ज्या नारायण वामन टिळकांच्या गीतांची ढाल पुढे करून तुम्ही नव्या चालींना अडवता, ते टिळक आपल्या काळात नवी चाल आणणारेच होते. मिशनऱ्यांनी इंग्रजी चालींत मराठी शब्द बसवून दिले होते. नगर भागात कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी अभंग, ओवी, भजन यांना मंडळीच्या मध्यभागी आणून बसवलं. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, असं ते उघडपणे सांगत. तो पूल आपल्यापासून किती लांब आहे? देहू शेजारी, आळंदी पलीकडे आणि मधल्या रस्त्यावर आपलं चिखली. गावाचं नावच टाळगाव चिखली, आणि ते नाव गाव तुकोबांच्या टाळकऱ्यांशी जोडतं. मुलांना शाळेच्या अभ्यासासोबत संतसाहित्य आणि गायन-वादन शिकवणारं संतपीठ याच गावात आहे. माणसं एकत्र कशी गातात, हे शिकायला चिखलीकर ख्रिस्ती पोराला सिडनीपर्यंत जायची गरज नाही. संध्याकाळी देवळाजवळून जाताना कान उघडे ठेवले तरी पुरे.

तिथे काय घडतं ते नीट पाहा. बुवा ओळ देतो, टाळकरी ती उचलतात आणि बुवा पुढची ओळ देईपर्यंत घोळवत ठेवतात. प्रत्येक कडव्यानंतर ध्रुपद परत येतं. मोठ्या अभंगाची अक्षरं सहा, सहा, सहा, चार अशी. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला, आणि शेवटचा चरण आखूड, श्वास घ्यायला जागा ठेवणारा. ज्याला लिहिता-वाचता येत नाही तोही तिसऱ्या आवर्तनाला गायला लागतो. पडदा लागत नाही, पुस्तक लागत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी हे चारशे वर्षांपूर्वी ओळखलं. १५७९ मध्ये गोव्यात उतरलेल्या या इंग्रज जेझुइटाने ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत लिहिलं, अकरा हजारांच्या आसपास ओव्या, आणि १६१६ मध्ये ते रायतूरला छापलं गेलं. ओवीत लिहिलं म्हणूनच ते लोकांच्या कानावर आणि ओठांवर बसलं. टिळकांनीही तेच केलं. ज्या साच्यात लोक आधीपासून गात होते, तो साचा त्यांनी घेतला.

आणखी एक गैरसमज खोडून टाकतो. टाळ्या, उंचावलेले हात, सगळ्यांनी एकाच वेळी मोठ्याने केलेली प्रार्थना, हे अमेरिकेतून आलेलं खूळ आहे असं जुनी मंडळी म्हणतात. नवी मंडळी हेच अभिमानाने सांगतात. दोघांनीही केडगावचं तिकीट काढावं, दौंडच्या वाटेवरच आहे. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जे आत्मिक जागरण झालं, ते लॉस एंजेलिसच्या प्रसिद्ध अझुसा स्ट्रीट जागरणाच्या आधीच्या वर्षी. तिथे काम करणाऱ्या मिनी एब्रम्स यांनी त्यावर पुस्तक लिहिलं, ते चिलीतल्या मैत्रिणीकडे पोहोचलं आणि १९०९ मध्ये तिथल्या जागरणाला त्याने बळ दिलं. पुणे जिल्ह्यातल्या निराधार मुली आणि बालविधवांच्या प्रार्थनेचा आवाज दक्षिण अमेरिकेपर्यंत गेला. मोकळ्या आवाजातली उपासना या मातीलाही तितकीच जवळची आहे. तिची लाज बाळगू नका, आणि तिच्यासाठी परदेशी प्रमाणपत्रही मागू नका.

आता एकेका शैलीला आपला प्रश्न विचारू.

संथ वर्शिप गाणं: ठेवा, पण सूर उतरवा. तार सप्तकातली उडी गाळा आणि पट्टी बायकांच्या-पुरुषांच्या मधली निवडा. पेटीवाल्या काकांना विचारा, काळी एक की पांढरी चार ते लगेच सांगतील. वर्शिप लीडरचा गळा किती फिरतो हे मंडळीला माहीत असण्याची गरज नाही.

रॉक: तरुण संघाच्या मेळाव्यात जरूर. रविवारी हॉलमध्ये वाजवायचं तर आवाज इतकाच ठेवा की शेजारच्या माणसाचं गाणं ऐकू येईल. शेजारचा गाताना ऐकू आला की लाजाळू माणूसही तोंड उघडतो.

मेटल: कार्यक्रम करा, तिकीट लावा, मी येईन. त्याला मंडळीची उपासना म्हणू नका.

रॅप: इथे मला खरी आशा वाटते. अक्षरं मोजून बोलणं ही मराठीची जुनी सवय. सहा-सहा-सहा-चारच्या आकड्यावर पोरगं ठेका धरू शकतं आणि दर चौथ्या चरणाला आख्खा हॉल उत्तर देऊ शकतो. एकट्याचं रॅप सोडा, उत्तर मागणारं रॅप लिहा.

गॉस्पेल: अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची ही शैली भजनाची सख्खी बहीण आहे. एकाने हाक द्यायची, सगळ्यांनी ओ द्यायची. तिच्याकडून शिकण्यासारखं सर्वाधिक आहे.

मोबाइलवरचा तयार ट्रॅक: साफ नापास. एखादी म्हातारी ओळ चुकली, डोळे पुसायला थांबली, तर वादक थांबतो. ट्रॅक थांबत नाही. एक पेटी, एक ढोलकी आणि थांबायची तयारी असलेला वादक, एवढं असलं तरी उपासना होते.

चाल झाली, आता शब्द. माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथेच आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत चिखली-कुदळवाडीत महापालिकेची तोडकामं झाली. हजारो बांधकामं पडली, गोदामं आणि वर्कशॉप सपाट झाली आणि तिथे राबणाऱ्यांची कामं रातोरात गेली. कारवाई कायदेशीर की बेकायदा, हा इथला विषय नाही. माझा प्रश्न असा की, ज्याचं काम त्या आठवड्यात गेलं, त्याने रविवारी काय गायचं? आपल्या याद्या चाळा. विजयाची गाणी आहेत, आनंदाची आहेत, डोंगर हलवण्याची आहेत. रडण्याचं गाणं शोधून सापडत नाही. बायबलमध्ये मात्र ‘विलापगीत’ नावाचं आख्खं पुस्तक आहे आणि स्तोत्रसंहितेत देवाला थेट जाब विचारणारी स्तोत्रं ढीगभर आहेत. शिकागोचा थॉमस डॉर्सी आधी ब्लूज वाजवायचा. १९३२ मध्ये बाळंतपणात त्याची बायको गेली, पाठोपाठ बाळही गेलं, आणि त्या दुःखातून त्याने लिहिलेलं गाणं जगभर गेलं. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यविधीत महालिया जॅक्सनने तेच गायलं. सुरुवातीला त्याच्या शैलीला चर्चनी दारं बंद केली होती, चाल बाजारू वाटते म्हणून. लोकांनी ती उचलली, कारण तिच्यात त्यांचं रडणं होतं.

आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यातलं रडणं कुठे आहे? कंत्राट संपलं म्हणून गेट पास काढून घेतलेला मुलगा, प्रेसमध्ये बोटं गमावलेला ऑपरेटर, गुरुवारीच सुट्टी मिळते म्हणून रविवारची उपासना चुकणारी बाई, जालन्याहून येऊन घरकुलात राहिलेली आणि हप्त्याच्या तारखेला झोप न लागणारी कुटुंबं. यांतलं एकही गाण्यात येत नाही. दावीद मेंढपाळ होता म्हणून त्याच्या स्तोत्रांत मेंढरं आली. आपल्या गीतात शिफ्टचा भोंगा आला तर देवाचा अपमान होणार नाही.

हॉलमध्ये ओडिया, तेलुगू, बिहारी भावंडं आहेत, त्यांच्यासाठी हिंदी हवीच. पण हिंदी पडद्यावर देवनागरीत दिसू द्या आणि निदान अर्धी गाणी मराठी ठेवा. सहा अक्षरांचं ध्रुपद ओडिया माणूसही दोनदा ऐकून म्हणतो.

म्हणून पाळकसाहेबांना आणि कमिटीला सरळ मागणी आहे. स्पीकर आणि मिक्सरसाठी वर्गणी काढता, त्यातला दहावा हिस्सा गीत लिहिणाऱ्यासाठी बाजूला ठेवा. अमेरिकेत १९८८ पासून चर्च परवान्याचे पैसे भरतात आणि गीतकाराला त्याचा वाटा पोहोचतो. आपल्याकडे गीतकाराला चहा आणि ‘देव तुम्हाला आशीर्वाद देवो’ एवढ्यावर परत पाठवतात. महिन्याला एक नवं मराठी गीत मंडळीत शिकवा. टिळकांचं एक जुनं गीत भजनी ठेक्यात गिटार आणि ढोलकीवर बसवा, आणि ते बसवायला एक आजोबा आणि एक कॉलेजची पोरगी यांना एकत्र बसवा. मग पहिल्या रविवारी वर्शिप लीडरने माइक खाली ठेवावा, शेवटच्या रांगेपाशी जाऊन उभं राहावं आणि ऐकावं. तिथे आवाज येत असेल तर शैली कुठलीही असो, ती ठेवा. येत नसेल तर ती कितीही लाडकी असो, सोमवारी बदला.