दहापैकी नऊची शाळा

एडिसन, न्यू जर्सी
श्रावणातला पहिला सोमवार

तीर्थरूप बाबा आणि आई,

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "घर घ्याले एवढा वेळ काहून लागून राह्यला वं? पैसे कमी पडून राह्यले का?" पैसे तर कमी पडतातच, पण खरी अडचण शाळेची आहे. ती फोनवर सांगायला बसले की आईचा कुकर होतो आणि गोष्ट अर्धीच राहते, म्हणून हे पत्र.

जठारपेठेतलं घर घेताना तुम्ही काय काय पाहिलं होतं, ते मला पाठ आहे. नळ किती दिवसांआड येतो, बोअरला पाणी लागेल का, एसटी स्टँड किती दूर आणि शेजार कसा. शाळेचा विषयसुद्धा निघाला नव्हता. शाळेसाठी ऑटोवाले काका होते. गल्लीतलं एक पोरगं न्यू इंग्लिशला, दुसरं भारत विद्यालयात, तिसरी होलीक्रॉसला, आणि सगळ्यांची दप्तरं एकाच ऑटोच्या बाहेर लटकलेली. घर कुठे आणि शाळा कुठे, याचा एकमेकांशी काही संबंध असतो हे अकोल्यात कोणाच्या गावीही नव्हतं.

इथे घराचा पत्ता हाच प्रवेशअर्ज. सरकारी शाळा बारावीपर्यंत फुकट, आणि बऱ्याच खरोखर चांगल्या. पण तुमचं घर ज्या हद्दीत, तीच शाळा तुमची. ही हद्द कधी कधी रस्त्याच्या मधून जाते. डाव्या अंगाची पोरं एका शाळेत, उजव्या अंगाची दुसऱ्या. आपल्या अमरावती विभागाच्या निम्म्या आकाराचं हे राज्य, आणि त्यात शाळांचे जवळपास ६०० स्वतंत्र जिल्हे! प्रत्येकाचं बोर्ड वेगळं, बजेट वेगळं, वरचा साहेब वेगळा. म्हणजे बाबा, ६०० शिक्षणाधिकारी. पाणी प्या आणि मग पुढे वाचा.

या सगळ्याचा बराचसा खर्च निघतो घरपट्टीतून. इथली घरपट्टी ऐकली तर तुम्ही अकोला महापालिकेला दुवा द्याल. २०२४ मध्ये राज्यातल्या सरासरी घराची वर्षाची घरपट्टी १०,००० डॉलरच्या वर गेली आणि त्यातला निम्म्याहून जास्त पैसा शाळांकडे जातो. ज्या गावात घरं महाग, तिथल्या शाळेला पैसा जास्त, म्हणून तिथे घरं आणखी महाग. गरीब गावांनी कोर्टात धाव घेतली तेव्हा 'अॅबट विरुद्ध बर्क' या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये सांगितलं, की गरीब शहरांतल्या पोरांवरही श्रीमंत गावांइतका खर्च झाला पाहिजे, आणि तो राज्याने करावा. आमच्या शेजारचं न्यू ब्रन्सविक त्या गरीब शहरांपैकीच. पण घर शोधणारा माणूस निकालपत्र वाचत नाही. तो मोबाइल पाहतो.

मोबाइलवर प्रत्येक घराच्या माहितीत त्याच्या हद्दीतल्या शाळेचे मार्क असतात, दहापैकी. 'ग्रेटस्कूल्स' नावाची संस्था १९९८ पासून शाळांची माहिती जमवते आणि तिचे मार्क घर विकणारी मोठमोठी संकेतस्थळं छापतात. लोक आधी तो आकडा बघतात, मग ओटा. गणपतीला मराठी मंडळात सगळे जमले की बायका एकमेकींना विचारतात, "तुमची कितीची?" माहेरी हा प्रश्न साडीबद्दल असतो, इथे शाळेबद्दल. "आमची नऊची" म्हणणारीचा आवाज जरा वर असतो. सात म्हटलं तर समोरची सांत्वनाने मोदक पुढे करते.

तुमचे जावई अमरावतीचे. राजकमल चौकातला माणूस अकोल्याच्या माणसापुढे कशातही हार मानत नाही, मग ह्या बायकांपुढे कशाला मानेल? त्यांनी एक्सेलमध्ये तक्ता मांडला. शाळेचे मार्क, घरपट्टी, न्यूयॉर्कची गाडी किती दूर, ओक ट्री रोडवरची भाजी किती दूर, तळघरात पाणी शिरतं का. प्रत्येकाला वजन दिलं, चार रात्री गुणाकार केले आणि जे घर पहिलं आलं, ते विकायलाच नव्हतं. ते त्या घरावरून अजूनही गाडी हळू नेतात.

घरं दाखवणारी बाई फार गोड. स्वयंपाकघर, नळ, छप्पर, सगळ्यावर भरभरून बोलते. "शाळा चांगली आहे का हो?" असं विचारलं की एकदम छताकडे बघते. मला आधी वाटलं शाळेत काही भानगड असेल. नंतर कळलं, कायद्याची भीती आहे. पूर्वी 'चांगली शाळा' म्हणत म्हणत दलाल गोऱ्यांना एका वस्तीत आणि काळ्यांना दुसऱ्या वस्तीत पाठवायचे. घराच्या व्यवहारात असा भेदभाव करायला १९६८ च्या कायद्याने बंदी आली. तेव्हापासून शहाणा दलाल शाळेवर मत देत नाही. आमची बाई म्हणते, "आकडे सरकारने जाहीर केलेत, तुम्हीच बघा."

मग मी बघितले. आणि बाबा, तिथे मला तुमचीच आठवण झाली.

पातूर तालुक्यातल्या तुमच्या शाळेचा यूडायसचा, म्हणजे शाळेच्या माहितीचा सरकारी फॉर्म तुम्ही ओसरीत पंख्याखाली भरायचे. खोल्या किती, फळे किती, ३० सप्टेंबरचा पट किती. संडासाच्या रकान्यात 'आहे' लिहिताना पुटपुटायचे, "संडास लिहाले रकाना आहे, त्याच्या कुलपाले रकाना नाही." ऑक्टोबर २०११ ची पटपडताळणी तर मला लख्ख आठवते. तीन दिवस राज्यभर एकदम, पोरांच्या बोटांना मतदानासारखी शाई. कितीतरी शाळांत कागदावरची पोरं वर्गात सापडलीच नाहीत. तुमच्या शाळेत पट आणि डोकी जुळली. आई म्हणाली, पेढे आणा. तुम्ही म्हणाले, "जुळायलेच पाह्यजे होते, त्याचे कायचे पेढे?" अशा घरात वाढलेली मुलगी कुठलाही आकडा दिसला की आधी विचारते, हा भरला कोणी आणि कशावरून?

तर हे दहापैकीचे मार्क येतात मुख्यतः राज्याच्या परीक्षेवरून. आता त्यात मुलांच्या प्रगतीचाही हिस्सा धरतात, पण परीक्षेतल्या गुणांना वजन आहेच. आणि परीक्षेतले गुण आईबापांची मिळकत आणि शिक्षण यांच्या मागे मागे चालतात. हे अमेरिकेतही आणि अकोल्यातही. आमच्या आसपासच्या नऊच्या शाळांत बऱ्याच पोरांचे आईबाप इंजिनियर नाहीतर डॉक्टर. शाळा सुटली की पोरं गणिताच्या क्लासला, तिथून इंग्रजीच्या. मग नऊपैकी शाळेचे मार्क किती आणि क्लासच्या फीचे किती? खरेदी केंद्रावर ग्रेडरने कापूस हातात न घेता बैलजोडी बघून भाव लावावा, तसं हे झालं. ज्या आकड्यासाठी आपण लाखभर डॉलर जास्त मोजायला निघालो, तो आपल्यासारख्यांनीच जमून तयार केलेला आहे. आपण आपल्यालाच विकत घेतोय, तेही कर्ज काढून.

मी काही जगावेगळं सांगत नाही. सँड्रा ब्लॅक नावाच्या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९९९ मध्ये बॉस्टनजवळच्या गावांत हेच मोजलं. वस्ती तीच, फक्त शाळेच्या हद्दीच्या अलीकडची आणि पलीकडची घरं त्यांनी ताडून पाहिली. शाळेचे परीक्षेतले गुण पाच टक्क्यांनी जास्त असले, तर आईबाप घराला अडीच टक्के जास्त मोजतात. रस्ता ओलांडायचे पैसे! आमच्या एडिसनमध्येही तसंच. गाव एक, बोर्ड एक, हायस्कुलं दोन, उत्तरेला जे. पी. स्टीव्हन्स, दक्षिणेला एडिसन हाय. आपल्या लोकांचा ओढा उत्तरेला, म्हणून भावही तिकडेच चढे.

जावयांचा डोळा मात्र वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोवर होता. नावाजलेला जिल्हा, आपले लोकही भरपूर. तिथले सुपरिंटेंडेंट डेव्हिड अॅडरहोल्ड यांनी २०१५ मध्ये पालकांना १६ पानी पत्र लिहिलं, की मुलांवर अभ्यासाचा ताण फार झालाय, आता आवरा. सहामाही-वार्षिक परीक्षा बंद, काही रात्री गृहपाठ बंद. त्यावरून गावात दोन तट पडले. मुलांचा ताण कमी होणार म्हटल्यावर कित्येक आईबापांनाच ताण आला. दहापैकीच्या आकड्यात यातलं काही दिसत नाही. तुमच्या जावयांना ते पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, "परीक्षाच नाही तर तक्त्यात काय भरायचं?"

राज्य सरकार दर शाळेचा अहवाल वेगळा काढतं. तो कोणी वाचत नाही, कारण त्यात एक आकडा नसून पंचवीस आहेत. त्यात एक रकाना प्रगतीचा: मागच्या परीक्षांत सारखेच गुण असलेल्या राज्यभरच्या मुलांच्या तुलनेत आपलं मूल यंदा किती पुढे गेलं. १ ते ९९, मध्य ५०. दुसरा रकाना गैरहजेरीचा: शाळेच्या दिवसांपैकी दहा टक्के किंवा जास्त दिवस किती मुलं आली नाहीत. तुम्ही मास्तरांना नेहमी एवढंच विचारायचे, "मागच्या बाकावरचा पोट्टा जूनमध्ये कुठं होता अन् एप्रिलमध्ये कुठं पोचला?" तोच हा रकाना. शोधता शोधता एक सहाची शाळा निघाली, जिचा प्रगतीचा आकडा ६० च्या पुढे आणि पोरं शाळा बुडवत नाहीत. शेजारच्याच नऊच्या शाळेचा प्रगतीचा आकडा तिच्यापेक्षा कमी. तिथली पोरं येतानाच हुशार असतात, शाळा त्यांना फक्त सांभाळते.

नवीन पालकांना शाळा दाखवतात त्या दिवशी मी त्या सहाच्या शाळेत गेले. ग्रंथालय, व्यायामशाळा, सगळं पाहून झालं आणि मुख्याध्यापिकेला म्हटलं, "संडास बघायचा आहे." तिला वाटलं मला घाई आहे. तिने बिचारीने वाट दाखवली आणि बाहेर थांबली. कुलूप नव्हतं, साबण होता, नळ चालू होता. मात्र तासाला वर्गातून बाहेर पडायचं तर मुलाला पास घ्यावा लागतो. म्हणजे बाबा, तुमच्या काळी मास्तरांसाठी हालचाल रजिस्टर होतं, इथे ते पोरांसाठीसुद्धा.

मामाने फोनवर सुचवलं, "घर स्वस्तातलं घे अन् शाळेत कोनाचा तरी पत्ता टाकून दे ना बाप्पा." त्याला सांगा, ते इथे चालत नाही. ओहायोमधल्या अॅक्रनच्या एका आईने आपल्या वडिलांच्या पत्त्यावर दोन मुलींना शेजारच्या चांगल्या शाळेत घातलं, तर २०११ मध्ये तिला नऊ दिवस तुरुंगात काढावे लागले. आजोबांच्या पत्त्यावर नातींची शाळा, हा गुन्हा! तुम्हाला हे पटणार नाही, मलाही पटलं नाही.

पण तिकडेही आता पत्त्याला किंमत येते आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागांसाठी घरापासून शाळेपर्यंतचं अंतर नकाशावर मोजतात, आणि तुम्ही अर्ध्या गल्लीचे फॉर्म भरून देता हे आई सांगत होती. जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट, असा नियम राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला होता. तो जुलैत उच्च न्यायालयाने रद्द केला, हे फार बरं झालं. बुलढाणा-वाशिमचे लोक अकरावी-बारावीच्या क्लाससाठी अकोल्यात खोल्या करून राहतात, तेही हेच की. फक्त ते क्लास कसा निवडतात? चौकातल्या फ्लेक्सवरचे फोटो मोजून. खालच्या भाडेकरूंना त्यांच्या मुलीसाठी शाळा बघायची आहे म्हणे. त्यांना सांगा, यूडायसवर दर शाळेची माहिती कोणालाही बघता येते; वर्ग किती, शिक्षक किती, पोरं किती. ते बघा आणि मग शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी उभे राहा. शाळेतल्या पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून बघायचं तुम्ही त्यांना शिकवालच.

आमचं सहाच्या शाळेच्या हद्दीतलं घर ठरलं. मंडळात बातमी पसरली आहे आणि यंदा मोदक बरेच मिळणार असं दिसतं. जावयांनी तक्त्यात 'आजोबांचा शेरा' असा रकाना वाढवून रिकामा ठेवला आहे. तेव्हा बाबा, पासपोर्टचं नूतनीकरण दिवाळीच्या आत करून घ्या. आईने मुगवड्या आणि ज्वारीच्या पापड्या आणाव्यात, लोणचं आणू नये. मागच्या वेळी बॅगेत फुटलं होतं.

तुमची लेक

ता. क. आजच कळलं, की शाळेची हद्द कोणती हे बोर्ड ठरवतं आणि वाटलं तर मतदान करून बदलतंही. जावयांना अजून सांगितलेलं नाही.