कुत्रा कुरतडत असल्यास नवऱ्यांनी घ्यावयाची काळजी

प्रस्तुत सूचना लॅब्रेडॉर किंवा तत्सम आकाराचा कुत्रा आणि तत्सम सवयींचा नवरा ज्या घरात एकत्र नांदतात, अशा घरांसाठी आहेत. कुत्र्याला वाचता येत नसल्यामुळे त्या दुसऱ्यास उद्देशून लिहिल्या आहेत. वाचून झाल्यावर कागद सोफ्यावर टाकू नये. कारण नियम २ मध्ये दिले आहे.

नियम १. दातांचा हिशोब ठेवावा. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. ते साधारण चौथ्या महिन्यापासून पडू लागतात आणि सातव्यापर्यंत त्यांच्या जागी ४२ पक्के दात येतात. अक्कलदाढा धरूनही आपले भरतात ३२. या काळात हिरड्या शिवशिवतात, म्हणून पिल्लू समोर येईल ते चावतं. "दात आले की थांबेल," असं कुत्रा आणायचा हट्ट धरणाऱ्या आमच्या ह्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. दात आले, आणि आमच्या लॅब्रेडॉरने, दामूने, ते वापरायला घेतले. लॅब्रेडॉरचं पोरपण दीड-दोन वर्षं सरत नाही. वजन मात्र तोवर तीस किलोंच्या घरात गेलेलं असतं.

नियम २. जमिनीपासून तीन फुटांपर्यंतचा सर्व प्रदेश कुत्र्याचा समजावा. सोफा, टीपॉय, पलंग आणि खुर्चीच्या पाठीवर टाकलेला टॉवेल या प्रदेशात मोडतात. ओट्याचा ताबा वादग्रस्त आहे. या हद्दीत ठेवलेली वस्तू मालकाने राजीखुशीने दान केली असं धरलं जाईल. आमच्या टीव्हीच्या रिमोटवर आता फक्त आवाज वाढवायचं बटण उरलंय.

नियम ३. पादत्राणे. अस्सल कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना तिचं भौगोलिक मानांकन मिळालं. दामूला हे कुणी सांगितलेलं नाही, तरी रॅकशेजारच्या रेक्झिनच्या चपला तो हुंगून सोडतो आणि नेमकी कोल्हापुरी उचलतो. पुढच्या दोन पंजांत ती उभी धरायची, आधी अंगठा उपटायचा, मग पट्टा, मग दोन्ही कान, आणि शेवटी तळाचे थर एकेक करून सोलायचे. कारागिराने जोडली असेल त्याच्या उलट क्रमाने, तितक्याच तन्मयतेने. दुसऱ्या पायाच्या चपलेला तो दातही लावत नाही. त्यामुळे ती टाकवतही नाही. अहो, चपला रॅकमध्ये ठेवायला पैसे पडतात का? लग्न झाल्यापासून विचारतेय.

नियम ४. जुनी चप्पल खेळायला देऊ नये. जुनी कुठली आणि लग्नातली कुठली, हे त्याला कळत नाही.

नियम ५. घडून गेल्यावर रागावू नये. तासापूर्वी फाडलेल्या उशीचा आताच्या ओरडण्याशी संबंध त्याला लागत नाही. "बघ, कसा ओशाळलाय," हे आपल्या मनाचे खेळ. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ मध्ये प्रयोगांती दाखवलं, की तो अपराधी चेहरा गुन्ह्यामुळे नव्हे, मालकाच्या रागावण्यामुळे होतो. निरपराध कुत्रेही तस्साच करतात. आमच्याकडे हा प्रयोग जोडीने होतो. मी नुसतं "हे काय आहे?" म्हटलं की दोघेही कान पाडतात. एकाने वस्तू खाल्लेली असते, दुसऱ्याने ती जागेवर ठेवलेली नसते.

नियम ६. तोंडातली वस्तू ओढू नये, मागे धावू तर मुळीच नये. त्याला वाटतं, खेळ सुरू झाला. पोळीचा तुकडा पुढे करावा, "सोड" म्हणावं आणि सोडल्यावर लगेच द्यावा. या पद्धतीत एक धोका आहे. हुशार कुत्रा काही दिवसांत दुकान थाटतो. हल्ली दामू ह्यांचा मोजा स्वतःहून आणून माझ्यासमोर बसतो आणि भाव ठरायची वाट पाहतो.

नियम ७. चावायला हक्काचं द्यावं. जाड रबराचं खेळणं चालतं, गोठवलेलं गाजर चालतं. ओला पंचा पिळून, गाठ मारून फ्रीझरमध्ये ठेवला तर हिरड्यांना थंडावा मिळतो. फक्त समोर बसून द्यावा, नाहीतर पंचाही पोटात जातो. सगळ्यात गुणकारी म्हणजे सकाळची लांबलचक फेरी. दमलेला कुत्रा कमी कुरतडतो. ही फेरी नवऱ्याने मारायची असते. ज्या दिवशी "आज पाऊस आहे गं" असं ऐकू येतं, त्या दिवशी मी गाद्या-उशा मोजून ठेवते.

नियम ८. इथे थट्टा नाही. मे महिन्यात आंब्याच्या कोयी झाकणाच्या बादलीत टाका. गिळलेली कोय आतड्यात अडकते आणि पोट फाडून काढावी लागते. मक्याचं बुरकुंड आणि मोजेही तसेच. मनुका, बेदाणे, चॉकलेट, कांदा-लसूण आणि झायलिटॉल घातलेलं बिनसाखरेचं च्युइंगगम त्याला विषारी. शिजवलेली हाडं देऊ नका, त्यांच्या कपच्या निघतात. कुत्रा उलट्या करतोय आणि अन्नाकडे बघत नाही, तर उद्यावर न टाकता डॉक्टर गाठा. लॅब्रेडॉरने जेवण नाकारणं हीच बातमी आहे.

नियम ९. भुकेचं कौतुक करू नये. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना सुमारे एक चतुर्थांश लॅब्रेडॉरमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकात खोट आढळली. हे वाचून आमच्या ह्यांचा चेहरा उजळला. "बघ, रक्तातच आहे, त्याचा काय दोष?" असं म्हणून त्यांनी स्वतः तिसरा लाडू घेतला.

नियम १०. पाहुण्यांना "तो काही करत नाही" असं सांगू नये. करतो. पर्स मांडीवर घ्यायला सांगावं.

नियम ११. निकाल मान्य करावा. माझ्या बोलण्याने जे इतक्या वर्षांत झालं नाही, ते दामूने एका पावसाळ्यात करून दाखवलं. चपला रॅकमध्ये, चष्मा डबीत, चार्जर खणात, पेपर घडी घालून कपाटावर. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "कुत्र्याने घराला वळण लावलं हो." मला कुणी विचारत नाही.

आता दामू दोन वर्षांचा झाला, निवळला. परवा ह्यांची नवी कोल्हापुरी पुन्हा दारात आडवी पडली होती. त्याने हुंगली आणि सोडून दिली. दुसरं पिल्लू आणायचा प्रस्ताव या वेळी माझा आहे.