पाण्याचा डाव

कोल्हापुरात बोटीसाठी वेगळा उतार बांधावा लागत नाही. पुरात रस्ताच आपण होऊन नदीत उतरतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा आणि 43 फुटांवर गेली की धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही तोंडपाठ. 2019 आणि 2021ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, तेव्हापासून आमच्या तालमीत कुस्तीइतकीच बोटीची चर्चा. शेवटी वर्गणी काढून जुनी फायबरची बोट घेतली. ती रस्त्यानं न्यायची कशावर, एवढंच ठरायचं राहिलं.

असले प्रश्न उद्यमनगरातल्या वर्कशॉपात न्यायचे. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी सिनेमाचा कॅमेरा घडवला, तिथं ट्रेलरचं काय! तिथल्या मिस्त्रींनी मोबाईलवर ट्रेलरचा फोटो पाहिला, "हुतंय की" म्हणाले आणि गाडा तयार केला. चौकटीवर दोन लांब फळ्या, त्यांवर मांडवातलं लाल कार्पेट. बोटीचा तळ याच फळ्यांवर बसायचा. मागची कड फळ्यांच्या टोकाशी बरोबर यायला हवी. इंजिनाचं वजन तिथंच असतं आणि बोट मागं लोंबली तर तळ वाकतो. शिवाय एकूण वजनाचा साधारण दहावा भाग जीपच्या हुकावर पाहिजे. कमी पडला तर ट्रेलर रस्त्यावर झुलतो, जास्त झाला तर जीप नाक वर करते. हा दहावा भाग मिस्त्रींनी भंगारवाल्याच्या काट्यावर मोजला.

मग गावाबाहेरच्या तळ्यावर तालीम ठरली. ट्रेलर जोडून जीप मागं घ्यायची म्हणजे स्टिअरिंग उजवीकडं फिरवलं की ट्रेलर डावीकडं. त्यात काठावरचा प्रत्येक माणूस वाहतूक पोलीस. "घे, घे, घे... आरं बस!" यातलं "बस" नेहमी उशिरा येतं. ट्रेलर पार बुडाला, बोट वर तरंगली आणि बाहेर काढल्यावर फळ्यांवर तिरकी बसली.

"त्यात काय, उचला रं!" वस्ताद गरजले. रोज दूध-बदाम पचवणारी दहा पोरं भिडली. बोट उचलली गेली, ठेवली गेली आणि आता दुसऱ्या बाजूला तिरकी झाली. कार्पेट तळाला असं घट्ट धरून बसलं की सरकवायची सोय नाही.

मिस्त्री शांतपणे विडी विझवून उठले. ट्रेलर पुन्हा पाण्यात घ्यायला लावला, पण फळ्यांची पुढची टोकं कोरडी राहतील इतपतच. बोटीचं नाक मधोमध धरलं, दोरी ट्रेलरच्या पुढच्या विंचला लावली आणि हँडल फिरवलं. मागचा भाग पाण्यानं तोलला, पुढचा फळ्यांनी धरला आणि बोट सरळ येऊन रबरी ठोकळ्याला टेकली. मागून पट्टे आवळले. कुणाचा घामही निघाला नाही, त्यामुळे पोरं जरा हिरमुसली.

वस्तादांना मात्र हे फार बोचलं असावं. त्याच संध्याकाळी आखाड्यात ते पोरांना बजावत होते, "गड्याला उचलू नगा. त्याचं वजन त्यालाच उचलू द्या. बोटीच्या येळंला मी ह्येच सांगत हुतो!"